रांगोळीतली जागा

“काकू, हा सिमेंटचा उतार फोडावा लागेल. मूळ दगडी पायऱ्या त्याच्याखाली आहेत,” वारसा समितीचा आर्किटेक्ट म्हणाला.

“फोडा की. ह्यांना त्या पायऱ्यांचं केवढं कौतुक,” शरयूकाकू म्हणाल्या. पार्ल्यातला हा बंगला वारसा यादीत यावा म्हणून काका शेवटपर्यंत झगडले होते. उतारही त्यांच्याच चाकांच्या खुर्चीसाठी घातलेला.

उतार निघाला. शंभर वर्षांच्या काळ्या पायऱ्या पुन्हा उन्हात आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पायऱ्यांपुढे नेहमीसारखी रांगोळी काढली.

“मध्ये हे दोन पट्टे कोरे का?” आर्किटेक्टने विचारलं.

काकूंनी पट्ट्यांकडे पाहिलं. “ह्यांची चाकं जायची तिथून.”

पट्टे भरायला त्यांनी डब्यातून चिमूट उचलली, आणि तशीच परत डब्यात सोडली.