एका आठवड्याची खोली

दार मनकर्णाबाईंनीच उघडलं. बाहेर चाकांच्या दोन बॅगा, एक पोरगी आणि तिची तरतरीत आई उभी होती.

"आजी, अकरा वाजले ना. आजपासून ही रूम आमची आहे," आई म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता आत आली. आल्याआल्या तिनं खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची उचलून भिंतीला लावली.

ती खुर्ची मनकर्णाबाईंनी तिथं ओढली होती. तीन सकाळी त्या तिच्यावर बसून चहा प्यायल्या होत्या, समोर दरीतलं धुकं वर सरकत असताना. पातूरच्या घरात सासू, दीर, सुना, नातवंडं. पन्नाशी उलटली तरी आपली म्हणावी अशी बसायची जागा त्यांना तिथं नव्हती. इथं झाडायला आलेल्या बाईलाही त्यांनी रोज दारातूनच परत पाठवलं होतं. फरशी स्वतः पुसली होती.

पोरगी बुटांसकट गादीवर चढली. मनकर्णाबाईंना ते बघवेना. पिशवी काखेत मारून त्या बाहेर पडल्या. मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

खाली हिरवळीवर वामनराव टेबलाशी बसले होते. पुढ्यात कागद, समोर रिसॉर्ट कंपनीचा नितेश. तीन दिवस राहून पाहा, पटलं तर घ्या, असं ठरलं होतं. घेतलं, तर दर वर्षी एक आठवडा चिखलदऱ्याची ही खोली त्यांची.

"काय काकू, पसंत पडली ना रूम?" नितेशनं विचारलं.

"रूम चांगली हाय." त्या खुर्चीवर टेकल्या. "ते वर आली ते बाई कोन?"

"मेंबर आहेत. अमरावतीच्या. यंदाच झाल्या."

"अन् तिच्या मांगून?"

"दुसरे मेंबर."

"अन् त्याइच्या मांगून?"

नितेश हसला. "काकू, वर्षाचे आठवडे बावन्न. ज्याचा त्याचा एकेक."

वामनरावांना यात काही नवल वाटलं नाही. "अवं, आपल्या विहिरीची पाळी नाई का? दोन दिवस आपले, दोन दिवस दादाचे. त्यानं पानी घेतलं म्हून आपल्या वाट्याचं आटते काय?"

"विहिरीत कोनी निजत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एवढ्या सवतीइत मले नाई नांदायचं."

नितेशला हसावं की नाही ते कळेना. वामनराव मात्र खदखदून हसले. "सवती! आरे बाप्पा! तू एकटी मले झेपून नाई राहिली, अन् एवढ्या कुठून आनू?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "राहू द्या मंग, साहेब. बाईचं मन नाई."

मनकर्णाबाई त्या टोपणाकडे बघत राहिल्या. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता तर खोली सगळीच्या सगळी त्या बाईची झाली होती.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. अमरावतीची बाई खांद्यावर टॉवेल टाकून कठड्यावर वाकली होती.

"ओ आजी! गरम पाणी किती वेळानं येते हो? लाल नळ केव्हाचा सोडलाय, बर्फासारखं थंड येऊन राहिलं!"

त्या खोलीतले नळ उलटे जोडलेले होते. गरम पाणी निळ्याला यायचं. पहिल्या सकाळी लाल नळाखाली कुडकुडल्यावर मनकर्णाबाईंना ते उमगलं होतं. तक्रार मात्र त्यांनी केली नव्हती. केली असती, तर कुणीतरी येऊन नळ सुलटे करून गेलं असतं, आणि मग ते गुपित त्यांच्या एकटीचं राहिलं नसतं.

वामनराव सांगायला तोंड उघडत होते. मनकर्णाबाईंनी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला.

"येते, बाई, येते!" त्या वर पाहून गोड आवाजात म्हणाल्या. "घडीभर सोडून ठेव. मलेबी पह्यल्या दिवशी असाच वेळ लागला."

बाई आत गेली. वर पुन्हा धो धो पाणी पडू लागलं. मनकर्णाबाईंनी ते थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं.