सिलोनची फर्माईश

मुंबई कुणाला द्यायची, यावर दिल्लीत खल चालला होता तेव्हाची गोष्ट. गिरगावातल्या आमच्या चाळीत रेडिओ एकट्या कमलाकांत कोठाऱ्यांकडे. त्यांनी रेडिओ सिलोनला बायकोच्या नावानं फर्माईश धाडली होती. वासंतीवहिनी ठेवणीतलं पातळ नेसून रेडिओजवळ बसल्या होत्या, आणि त्यांच्यामागे अख्खा मजला दाटला होता.

"माझंच आवडतं गाणं कळवलंत ना हो?"

"कळवलंय गं. गप्प, नावं सुरू झाली."

खरखरीतून निवेदकाचा आवाज वर आला. आधी रायपूर, मग कानपूर आणि मग अगदी स्वच्छ: "मुंबई, महाराष्ट्र से वासंती कोठारे!"

कमलाकांतांनी खटकन रेडिओ बंद केला.

"अहो, माझं गाणं!"

"गाण्याचं काय घेऊन बसलीस? ऐकलंत ना सगळ्यांनी? पत्त्यात मी मुद्दाम महाराष्ट्र लिहिलं होतं. दिल्ली बसली विचार करत, सिलोननं देऊन टाकली मुंबई! वाटा पेढे!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वहिनी मात्र उठल्या, पदर खोचला आणि मूठ वर करून गरजल्या, "माझं गाणं..."

अख्खा मजला एका सुरात ओरडला, "झालंच पाहिजे!"