टाकीच्या तळाशी

"सगळ्यावर अशी शंका घेत राहिलीस, तर लोक तोंडावर वेडी म्हणतील," असं सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसून सोडून दिलं. विमानाच्या इंधनावर शंका घेण्याचाच तर मला पगार मिळतो!

आज उड्डाणाआधी एका विमानाच्या टाकीच्या तळातून नमुना काढला. बरणीत खाली पाणी, वर इंधन आणि दोघांच्या मध्ये काळपट, बुळबुळीत बुरशी. ती फिल्टरमध्ये अडकली, तर भर आकाशात इंजिनाचा घसा आवळते.

"विमान उडणार नाही. आधी पाणी काढा, टाकी साफ करा, जंतुनाशक घाला," मी म्हणाले.

"अगं बाई, ही काय तुझ्या बाळाची बाटली आहे?" साहेब भडकले. "प्रवासी गेटवर उभे आहेत!"

"बाटली असती, तर फेकलीच असती." उड्डाणाच्या परवानगीवर मी सही केली नाही.

थोड्या वेळाने नवऱ्याचा गेटवरून फोन. मागे आमचं बाळ रडत होतं. "आम्ही आज आईकडे पोचत नाही गं. कुणा वेडीने विमान अडवलंय!"



"ती वेडी मीच. आणि त्यात तुम्ही दोघं नसता, तरी अडवलं असतं."

तुमच्या घरातल्या वेडीला आज कशाची धास्ती वाटतेय, जरा विचारून पाहा.