चार बोटं विरळ

"हा विरळ भाग आत दुमडून टाका," कमलाकर म्हणाले. ते संग्रहालयाच्या समितीवर होते. कापडाला हात लावणं हे त्यांचं काम नव्हतं.

टेबलावर साठ वर्षांपूर्वीची रेशमी साडी पसरली होती. हातमागाची, सोलापुरातच विणलेली. तिच्या पाटीवर देणगीदार घराण्याचं नाव ठळक होतं. विणणाऱ्याचं नव्हतंच. पदराच्या अलीकडे चार बोटं वीण सैल पडली होती. स्वयंसेवकांची प्रमुख उत्कर्षा हिने तक्त्यात 'दोष' असं लिहिलं होतं.

चंद्रव्वा साडी अस्तरावर टाचायला बसली होती. सत्तरीची बाई. इतका बारीक टाका दुसऱ्या कुणाला जमत नव्हता, म्हणून तिलाही स्वयंसेवक केलं होतं. दोन वेळा चहा मिळायचा.

"साहेब, ते भाईर ऱ्हाऊ द्या की."

"का?"

"आमच्या मागावरची साडी हाय ही. पाटीवर नाव हाय त्या घरच्या लेकीच्या लग्नाची. इणता इणता आईला कळा सुटल्या, तरी साडी न्यायला आलेला मालकाचा माणूस दारातनं हलंना. मग माझी बहीण बसली मागावर. तेवढी चार बोटं तिची."

"पुरावा?"

"मी होते की तितं."

"याला पुरावा म्हणत नाहीत, आजी. उद्या त्या घरचीच माणसं उद्घाटनाला येणार. त्यांना काय खोट दाखवायची?" ते जेवायला निघून गेले.

उत्कर्षाने हळूच विचारलं, "बहिणीचा एखादा फोटो आहे?"

"त्याच साली गेली ती. फोटो कुटला? काय हाय ते हेच."

उत्कर्षाने घडी उलटवली. नक्षीचा पदर आत गेला, चार बोटं वर आली. तिने कापड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. चंद्रव्वा टाके घालत राहिली.

चार वाजता कमलाकर आले आणि ओरडले, "उसवा ते!"

चंद्रव्वाने कात्री त्यांच्यापुढे धरली. "उसवा. तुमच्या हातानं. रेशीम पार कुजलंय, टाक्यासंगं कापड निघंल."

त्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं. "खरं आहे," ती म्हणाली.

कात्री त्यांनी घेतली नाही. "मग उद्या लोकांना काय सांगायचं? हे कुणी करून ठेवलं?"

"निंगव्वानं."

"कोण निंगव्वा?"

चंद्रव्वाने दोरा दाताने तोडला.

"अकरा वर्साची होती. पाय पावड्यांना पुरत न्हवते. खाली मागाच्या खड्ड्यात बसून पावड्या मी हातानं दाबत होते."