साडेतीन तासांची मुदतवाढ

"मी सही करणार नाही," मावशी म्हणाली आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

समितीचे सातही जण बिस्किटं चावायचे थांबले. अंतराळ स्थानक बांधलं होतं पंधरा वर्षांसाठी. आता त्याला एकतिसावं लागलं होतं. ही चौथी मुदतवाढ. तडे तपासणं हे मावशीचं काम, आणि तिच्या सहीवाचून गाडं पुढे सरकत नसे. वर तिघं राहत होती, त्यातली एक तिची सख्खी भाची. मागच्या खोलीतून हवा गळायची. भाची तड्यावर पट्टी लावायची, मग पट्टीवर पट्टी. इथे कागदोपत्री मात्र पट्टी लागली की तडा बुजला. त्यामुळे एकतीस वर्षांत स्थानकाला एकही तडा गेलेला नव्हता.

"अहो, जुनं ते सोनं," अध्यक्ष म्हणाले.

"सोनं गळत नाही, साहेब. पोरांना खाली आणा."

"बरं बाई, आणू."

इतकं सरळ उत्तर त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आपण उगाच माणसाला नावं ठेवतो, असं मावशीच्या मनात आलं. तिने तिथूनच वर स्थानकावर फोन लावला.

"सामान बांध गं. घरी यायचंय."

"कशात बसून?" भाची हसली. "उतरायच्या यानाची मुदत महिन्यापूर्वीच संपली, मावशी. चालतंय झकास, मी रोज बघते. पण तुझ्या सहीचा कागद नसेल तर इथून हलायची परवानगी नाही."

मावशी समितीकडे वळली. "यानाला साडेतीन तासांची मुदतवाढ द्या. तेवढ्यात पोचतात पोरं खाली."

"पाच वर्षांच्या खाली नियमात बसत नाही," कारकून म्हणाला.

साडेतीन तासांची खात्री तिला होती. पाच वर्षांची देवालाही नसती. पण भाचीपुढे नियमाची काय मातब्बरी? ‘यान पाच वर्षं सुरक्षित’ असं तिने लिहिलं, जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि खाली सही ठोकली.

अध्यक्षांनी कागद उचलला. शाईवर हळूच फुंकर घातली. बिस्किटांची बशी तिच्यापुढे केली.

"उतरायचं यान धडधाकट असलं की नियमाने स्थानकाला वेगळी सही लागत नाही," ते प्रेमाने म्हणाले. "आणि पाच वर्षं यानाला काही होत नाही, हे तर तुम्हीच लिहिलंत. मग पोरीला खाली आणायची घाई कसली?"