जिन्यावरून पडलेली माणसं

“काय झालं आजोबांना?” कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“जिन्यावरून पडले. अशक्तपणा आलाय, सलाईन तेवढं लावा,” शैलजानं सासऱ्यांकडे न बघता सांगितलं. जुलाबाचं नाव काढायची सोय नव्हती. इथली प्रत्येक नोंद महापालिकेचं यंत्र वाचायचं, आणि एकाच चाळीतले तीन रुग्ण जुलाबाचे निघाले की चाळीचं फाटक आपोआप बंद व्हायचं. रविवारी शेजारच्या पमाचं लग्न होतं. तोवर घरोघर नळाचं पाणी उकळून प्यायचं आणि इथं आल्यावर पडलो म्हणायचं, असं चाळीनं ठरवलं होतं.

सासऱ्यांना घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी दारात महापालिकेचा गवंडी.

“किती माणसं पडतात हो तुमच्याकडे! यंत्रानं जिना दुरुस्तीला पाठवलंय. वहिनी, जरा पाणी द्या.”

शैलजा पेला घ्यायला आत वळली. हा खरंच गवंडी, की पाण्याचा माग काढायला धाडलेला माणूस? उकळलेलं द्यावं तर कोमट लागेल, लगेच ओळखेल. तिनं नळाचाच पेला भरून दिला. त्यानं तो घटाघटा रिकामा केला आणि बाटली पुढे केली.

“हीपण भरा. खाली बायको सिमेंट कालवतेय, पोटुशी आहे.”

त्याच्या भेगाळलेल्या बोटांत सिमेंट मुरलेलं होतं. शैलजानं आत जाऊन पातेल्यातलं उकळलेलं पाणी बाटलीत ओतलं.

कोमट बाटली हातात घेताच तो थबकला. त्यानं आत कण्हणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पेल्याकडे.

“वहिनी, मला दिलंत ते कुठलं होतं?”