कंबार अतांची कात्री

कात्री हातात आली तसे कंबार अता, गावाचे आजोबा, म्हणाले, "मूल कुठाय?"

"मूल नाही, अता. मशीन आहे," तोख्तार त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. "पोलाद कापायचं. प्लाझ्माचं."

"बरं बरं. दात आले का त्याला?"

वर्कशॉपमध्ये दाटीवाटीनं उभे असलेले चाळीस पाहुणे हसले. थोड्या वेळापूर्वी अतांनी कंप्रेसरला सलाम करून त्याच्या बायकोची तब्येत विचारली होती. गेल्या आठवड्यात बरं दिसत होतं म्हणे त्यांना. आता अचानक डोळ्यांपुढे धुकं आलं होतं. तासाभरापूर्वी तोख्तारनं त्यांना सगळ्यात मानाच्या जागी बसवलं, कोपऱ्यातल्या गादी घातलेल्या उंच आसनावर. तिथून उठले ते धुकं घेऊनच.

पण दोरा त्यांनीच कापायचा, हे ठरलेलं होतं. त्यांच्याकडे समजूत अशी, की पहिली पावलं टाकणाऱ्या मुलाच्या पायातला काळा-पांढरा दोरा जो कापतो, त्याचे गुण मुलात उतरतात. आणि करागंदाच्या पोलाद कारखान्यात चाळीस वर्षं वीज सांभाळून दहाही बोटं घरी आणणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता. तोख्तारनं नव्या मशीनच्या पुढच्या दोन पायांना तसाच दोरा बांधला होता. शेजारून हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर निघून गालिच्याखाली शिरत होती.

राउशान पेन उघडून उभी होती. ती अल्माटीहून मशीन बसवायला आलेली. तिची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा कंपनीचा नियम. हवा कोरडी, धूर ओढणारा पंखा चालू, काळे चष्मे हजर, पत्र्याखालच्या हौदात पाणी भरलेलं. तपासणीच्या कागदावर एकच ओळ उरली होती.

"अर्थिंगची सळई डोळ्यांनी बघायचीय मला, तोख्तार अगा," वडीलधाऱ्याला म्हणावं तसं ती म्हणाली. "माझा मीटर प्रवासात गारठून बंद पडलाय."

"बाहेर उणे एकतीस आहे, पोरी. कमरेएवढा बर्फ. हा बघ फोटो." फोटोत तोख्तार हातोडा उगारून उभा होता. सळई होती, जमीनही होती. "दोन मीटर खोल ठोकलीय. माझा जावई उभा राहणार आहे या मशीनवर. त्याच्या जिवाशी खेळेन का मी?"

जावई ऐदोस नवे हातमोजे घालून हसत होता. त्याच्या पायाशी हौदातलं पाणी सांडलं होतं. राउशाननं कागदावर पेन टेकवलं.

"आधी दोरा, मग सही," कंबार अता म्हणाले. "आमच्यात असंच असतं."

ते वाकले. चाचपडत त्यांनी मशीनचा पाय धरला. कात्री उघडली. जरा जोर लावला, अजून जरा, आणि कटकन आवाज आला.

काळा-पांढरा दोरा जागच्या जागी होता. हिरव्या-पिवळ्या वायरचे दोन तुकडे झाले होते.

"अता, वायर कापलीत," ऐदोस म्हणाला.

"अरे देवा. म्हटलं दोरा एवढा जाड कसा."

पाहुण्यांत हळहळ पसरली. बिचारे, दृष्टी गेली म्हातारपणी. पण आता आज मशीन चालणार नाही, तर जेवण का गार करायचं? शेजारच्या खोलीतून मटणाचा वास आला आणि सगळे तिकडे निघाले. तोख्तारही निघाला होता.

"जोडून देते, पाच मिनिटांचं काम," राउशान म्हणाली.

"राहू दे, राहू दे," तोख्तार घाईघाईनं वळला. पण तिनं वायर ओढलीच होती.

वायर बाहेर जातच नव्हती. ती गालिच्याखालून कोपऱ्यात गेली, तिथून मानाच्या आसनात चढली. राउशाननं गादी उचलली. खाली कोबी खारवायचं प्लॅस्टिकचं पिंप होतं, काठोकाठ मातीनं भरलेलं. तिनं वायरला हिसका दिला. हातभर सळई उपसून आली. तिच्या टोकाला मोड आलेला बटाटा होता.

तोख्तारनं गालिच्याची कड पायानं सरळ केली.

"जमीन दगडासारखी गोठलीय," तो म्हणाला. "सळई वाकली, हातोड्याचा दांडा मोडला. म्हणून जमीनच आत आणली. सासूबाईंच्या तळघरातली आहे. माती ती मातीच ना?"

"अगा, पिंप प्लॅस्टिकचं आहे. वीज यात उतरून जाणार कुठे? बटाट्यात?"

ऐदोसनं पायाखालच्या पाण्याकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं. मग एकेक करत हातमोजे काढले आणि सासऱ्याच्या हातात दिले.

"जेवायला बसतो," तो म्हणाला.

तोख्तार ते मोजे धरून तसाच उभा राहिला. चाळीस पाहुण्यांपैकी कुणीही पिंप पाहिलं नव्हतं, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की म्हाताऱ्यानं चुकून वायर कापली.

"नशीब," तो राउशानला हळूच म्हणाला. "अतांना दिसत असतं तर आज आपण दोघंही फसलो असतो."

राउशान मशीनवर कागद ठेवून बारीक अक्षरांत लिहू लागली. अर्थिंग नाही. मशीन सुरू करू नये. एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाल्यावर पुन्हा तपासणी. खाली सही केली, सोळा तारीख घातली.

मशीनच्या पलीकडे कंबार अता कात्री पुसत उभे होते. दाराकडे जाता जाता त्यांनी पलीकडूनच, उलट्या बाजूनं, कागदावर नजर टाकली.

"तारीख चुकलीस, पोरी," ते म्हणाले. "आज सतरा आहे."